गोव्यातील एकदिवसीय मार्गदर्शित सहल : देऊळ, चर्च, धबधबा आणि फेणीची भाटी एकाच दिवशी बसतात का?

पाऊलवाट

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही सहकुटुंब गोव्याला जात आहोत. सोबत माझे सासू-सासरे, एक मावशी, दोन शाळकरी मुले आणि यजमानांचे एक मित्र असा मेळा आहे. समुद्रकिनारे यापूर्वी पाहून झालेले असल्यामुळे या खेपेस एक दिवस आतल्या गोव्यासाठी राखून ठेवला आहे. ज्या ठिकाणी उतरणार आहोत तेथून गाईडसह एका दिवसाची सहल मिळते. तिच्यात जुने गोवे येथील चर्चे, मंगेशीचे देवालय, दूधसागर धबधबा, मसाल्याच्या बागेत जेवण आणि संध्याकाळी फेणीची चव घेणे, एवढे सगळे सकाळी आठ ते रात्री आठ या वेळात दाखवण्याचे आश्वासन दिलेले आहे.

माझे प्रश्न असे आहेत. एवढे एका दिवसात खरोखर पाहून होते का? गाईड घेतल्याने काही विशेष पदरात पडते, की माहितीचे फलक वाचून भागते? आणि घरातील ज्येष्ठ मंडळी देवदर्शनाला निघालेली असताना त्याच दिवशी फेणीच्या भाटीला जाणे कितपत योग्य ठरेल? जाणकारांनी मोकळेपणाने लिहावे.

फोंड्याचा_पाहुणा

पहिल्या प्रश्नाचे उत्तर स्वच्छ नकारार्थी आहे. दूधसागरला कुळे येथून जीपने जावे लागते, जीपसाठी रांग असते, जंगलातला रस्ता खडबडीत आहे, तीन ठिकाणी ओढे ओलांडावे लागतात आणि परतीची वेळ जीपवाला ठरवतो. पणजीहून कुळ्याला पोहोचण्यातच दीड तास सहज जातो. म्हणजे दूधसागर हा स्वतंत्र दिवसाचा विषय आहे, शिवाय ज्येष्ठांच्या कमरेचाही. त्यातून एप्रिलमध्ये धबधब्याला पाणी बेताचेच उरते. दूधसागर वगळा, म्हणजे उरलेल्या ठिकाणांना श्वास घेता येईल.

निवांत_निळू

पाच ठिकाणे पळत पळत पाहायची आणि शेवटी फेणी! आखणी करणाऱ्याला दाद दिली पाहिजे. संध्याकाळपर्यंत प्रवाशांना तिची गरज भासेल याची त्याने पुरती तजवीज केलेली दिसते.

सदाचार

तिसऱ्या प्रश्नाबाबत माझे मत परखड आहे, राग नसावा. मंगेशीला अभिषेक करून कपाळावरचे गंध वाळण्याआधी मद्याच्या भट्टीवर जाणे मला पटत नाही. ज्यांना फेणीची चव घ्यायची आहे त्यांनी ती अवश्य घ्यावी, पण त्यासाठी दुसरा दिवस आहे. सहल विकणारे लोक संस्कृती, निसर्ग आणि दारू हे तिन्ही शब्द एका पत्रकात बसवतात, कारण त्यामुळे प्रत्येक प्रकारचे गिऱ्हाईक गाडीत चढते. आपण त्यांच्या सोयीने आपला दिवस का आखावा?

कमानीखालून

गाईडविषयी लिहितो. जुने गोवे येथे चांगला गाईड मिळाला तर त्याचे पैसे पहिल्या अर्ध्या तासात वसूल होतात. बॉम जेझूस बासिलिका बाहेरून लालसर, उघड्या जांभ्या दगडाची दिसते. पाहणाऱ्याला वाटते की ती पहिल्यापासून अशीच असावी. प्रत्यक्षात तिच्यावर गिलावा होता आणि तो विसाव्या शतकाच्या मध्यास काढून टाकण्यात आला. त्यामुळे पावसाचा मारा थेट दगडावर बसतो आणि तिच्या जतनाविषयी आजही वाद चालू आहे. हे सांगणारा कोणी नसेल तर आपण दगडाच्या रंगाचे कौतुक करून पुढे जातो.

तीच गोष्ट समोरच्या से कॅथेड्रलची. त्याला एकच मनोरा का, असा प्रश्न मुलेसुद्धा विचारतात. दुसरा मनोरा १७७६ साली कोसळला आणि पुन्हा बांधला गेला नाही. बासिलिकेत सेंट फ्रान्सिस झेवियर यांचे शव ज्या संगमरवरी चौथऱ्यावर ठेवलेले आहे, तो इटलीतील तोस्कानाचे ड्यूक तिसरे कोझिमो यांनी करवून घेतला आणि १६९८ साली येथे बसवण्यात आला. झेवियर यांचा मृत्यू १५५२ साली चीनच्या किनाऱ्याजवळील एका बेटावर झाला. एका शवपेटीभोवती चीन, इटली, पोर्तुगाल आणि गोवा एकत्र कसे आले ते कोणीतरी ओळीने सांगितल्याशिवाय त्या चौथऱ्यापुढे उभे राहून काहीच कळत नाही.

खडा_सवाल

वरील प्रतिसाद वाचून आनंद झाला, पण असे गाईड अपवादानेच भेटतात. माझ्या वाट्याला आलेल्या गृहस्थांनी प्रत्येक देवळाचे वय ‘चारशे ते पाचशे वर्षे’ असे सरसकट सांगून टाकले. कवळे येथील शांतादुर्गेचे आजचे देवालय शाहू महाराजांच्या काळात, १७३८च्या सुमारास उभे राहिले, हे त्यांच्या गावीही नव्हते. देवस्थानाचे प्राचीनत्व वेगळे आणि इमारतीचे वय वेगळे, एवढा साधा भेदही सहलीत सांगितला जात नसेल तर गाईड कशासाठी? त्याऐवजी त्यांनी आम्हाला काजूच्या दुकानात मात्र मनसोक्त वेळ दिला. तेथील दर बाजारातल्या दरांपेक्षा बरेच वर होते आणि त्यातला वाटा कुणाच्या खिशात जातो हे समजायला फार हुशारी लागत नाही.

फोंड्याचा_पाहुणा

खडा_सवाल यांच्या तक्रारीवर उपाय आहे. पर्यटन खात्याचे परवानाधारक गाईड असतात, त्यांच्यापैकी कोणाला अगोदर फोन करून ‘कोणत्याही दुकानात थांबायचे नाही’ असे ठरवून घ्यावे. मंगेशीविषयी त्याला एकच प्रश्न विचारून पाहावा : देवळाला शिखराऐवजी घुमट का आहे? मंगेश हा मूळचा कुठ्ठाळीचा. १५६० साली पोर्तुगीज अमलातून निसटून भाविकांनी त्याला नदीपलीकडे प्रियोळला आणले, कारण हा मुलूख तेव्हा पोर्तुगिजांकडे नव्हता. पुढे अठराव्या शतकात देवालये भरभक्कम बांधली गेली तेव्हा घुमट, कमानदार खिडक्या, कठडे हे सगळे चर्चच्या वास्तुशैलीतून आले आणि त्यांच्या शेजारी सात मजल्यांचा दीपस्तंभ उभा राहिला. ज्यांच्या भीतीने देव हलवला त्यांच्याच बांधणीची छाप नव्या देवळावर पडली, ही गंमत ज्याला सांगता येते तो गाईड घ्यावा.

पाऊलवाट

सर्वांचे आभार. दूधसागर वगळायचा हे ठरले. मात्र निसर्ग पूर्णपणे सुटतो की काय, अशी शंका वाटते, कारण मुलांना देवळे आणि चर्चे यांत फारसा रस नाही.

सत्तरीचा_शेजारी

माझे आजोळ सत्तरी तालुक्यात आहे, त्यामुळे थोडा पक्षपात गृहीत धरून हा प्रतिसाद वाचावा.

फेणी ही संध्याकाळी दुकानात पेल्यातून चाखण्याची गोष्ट आहे, हा समजच मुळात सहलवाल्यांनी करून दिलेला आहे. तुम्ही एप्रिलमध्ये येत आहात, म्हणजे नेमक्या हंगामात. फेब्रुवारीअखेरीपासून मेपर्यंत सत्तरी, डिचोली, सांगे, काणकोण या भागांतील डोंगरउतार पिकलेल्या बोंडूंच्या (काजूच्या रसाळ फळांच्या) वासाने भरलेले असतात. काजूचे झाड सोळाव्या शतकात पोर्तुगिजांबरोबर ब्राझीलहून आले. बिया परदेशी विकल्या जाऊ लागल्या, आणि उरलेल्या बोंडांचे काय करायचे याचे उत्तर गोवेकरांनी स्वतः शोधले.

बोंडू झाडावरून तोडत नाहीत. पूर्ण पिकून खाली पडलेलेच वेचतात, त्यासाठी टोकाला खिळा ठोकलेली लांब काठी असते, म्हणजे दर फळामागे वाकावे लागत नाही. बी पिळून वेगळी करतात. मग बोंडू दगडी कुंडीत टाकून पायांनी तुडवतात. आता पुष्कळ ठिकाणी यंत्रही आले आहे. तुडवलेल्या चोथ्याची ढेप करून ती वेलीने आवळतात, वर जड दगड ठेवतात आणि तिच्यातून थेंब थेंब जो निवळ रस गळतो तो निरो. तो गोड असतो, घशाशी किंचित तुरट लागतो आणि त्यात मद्य नसते. मुलांनी आणि मावशींनी तो नि:शंक प्यावा, मात्र ताजा प्यावा, कारण उन्हात तो लवकर आंबू लागतो.

तुडवून निघालेला रस मातीच्या किंवा हल्ली प्लॅस्टिकच्या पिंपात सुमारे तीन दिवस आंबवतात. बाहेरून खमीर घालत नाहीत, फळावरचे आणि हवेतले पुरते. मग तो तांब्याच्या भानात, म्हणजे गाळण्याच्या मोठ्या भांड्यात, भरून लाकडाच्या जाळावर चढवतात आणि वाफ नळीतून गार पाण्यात ठेवलेल्या भांड्यात उतरते. पहिल्या धारेचा तो हुर्राक, साधारण १५ टक्क्यांचा, सौम्य आणि फळाच्या वासाचा. तो टिकत नाही, म्हणून बाटलीबंद होऊन वर्षभर मिळत नाही. हंगामात येणाऱ्यालाच तो लाभतो. हुर्राकात पुन्हा आंबवलेला रस घालून दुसऱ्यांदा ऊर्ध्वपातन केले की फेणी, ४२ टक्क्यांच्या आसपास. जाळ किती ठेवायचा हे भाटीवरचा माणूस धारेच्या आवाजावरून आणि वासावरून ठरवतो. जाळ वाढला तर फेणीला करपट वास लागतो आणि सगळा घाणा वाया जातो.

हे सगळे दिवसाउजेडी, झाडांखाली, ओढ्याच्या काठी चालते, कारण भाटीला भरपूर पाणी लागते. निसर्ग वेगळा दाखवायची गरज उरत नाही. एखाद्या पत्र्याच्या छपराखाली बसून मुलांना हे पाहू द्या, मग त्यांना रस आहे की नाही ते कळेल.

चहाबाज

सत्तरीचा_शेजारी यांचा प्रतिसाद वाचून मी, ज्याने आयुष्यात चहापेक्षा कडक काही घेतलेले नाही, तोही निरो पिण्यासाठी रजेचा अर्ज लिहायला बसलो आहे.

सदाचार

वर्णन उत्तम आहे आणि ते शेतीउद्योगाचे वर्णन आहे, हेही मान्य. परंतु माझा मुद्दा प्रक्रियेविषयी नव्हता, एकाच दिवशी दोन्ही करण्याविषयी होता. शिवाय लहान मुलांना मद्य कसे तयार होते ते दाखवावे का, हाही प्रश्न आहे.

देवराईत

सदाचार यांच्या भावनेचा आदर राखून एक वेगळी बाजू मांडतो. गोव्याच्या गावात देव एकट्या देवळात राहत नाही. गावाच्या वेशीवर, मोठ्या झाडाखाली, ओढ्याच्या वळणावर राखणदार किंवा देवचार असतो. तो रात्री हातात काठी घेऊन गावाची गस्त घालतो, वाट चुकलेल्याला घरी पोहोचवतो अशी श्रद्धा आहे. त्याला काय वाहतात? केळी, पाव, विडी आणि सोरो, म्हणजे घरची दारू. म्हापशाच्या बोडगेश्वराला भाविक चपला वाहतात, कारण रात्रभर चालून त्याच्या वहाणा झिजतात. आज त्या जागी मोठे देवालय आहे आणि जत्रेला प्रचंड गर्दी होते, पण मूळ रूप शेताच्या राखणदाराचेच आहे. अनेक ठिकाणी ख्रिस्ती कुटुंबेही राखणदारासाठी मेणबत्ती लावतात.

तेव्हा मंगेशीला दूध आणि बेल, राखणदाराला सोरो, अशी विभागणी गावाने स्वतःच केलेली आहे. आपण बाहेरचे लोक दोहोंमध्ये भिंत घालतो ती आपल्या सवयीने. राखणदाराच्या जागा मात्र सहलीच्या थांब्यांसारख्या पाहायला जाऊ नयेत. गावातला कोणी बरोबर असेल आणि त्याने स्वतःहून नेले, तरच जावे, फोटो काढू नयेत आणि तेथे ठेवलेल्या वस्तूंना हात लावू नये. या ठिकाणी गाईडची खरी किंमत कळते : कोठे जायचे यापेक्षा कोठे थांबायचे हे त्याला ठाऊक असते.

सदाचार

ही माहिती मला नवीन होती, आभार. राखणदाराला वाहणे ही श्रद्धा आहे आणि पर्यटकाने चव घेणे ही मौज आहे, हा फरक मात्र राहतोच. निदान क्रम तरी असा ठेवावा की दर्शन आधी व्हावे आणि भाटी नंतर, म्हणजे ज्येष्ठांना अवघडल्यासारखे होणार नाही.

लाटांपल्याड

मी बरीच वर्षे स्कॉटलंडमध्ये राहतो. येथे व्हिस्कीच्या डिस्टिलरीत चालकाला पेला देत नाहीत, त्याच्या वाट्याची व्हिस्की छोट्या बाटलीत भरून घरी न्यायला देतात. ही पद्धत गोव्यातील भाट्यांनी उचलण्यासारखी आहे.

नियमावली

घरी नेण्याचा विषय निघालाच आहे तर सावधगिरीचा इशारा देतो. गोव्यात विकत घेतलेले मद्य महाराष्ट्रात आणणे हा महाराष्ट्र दारूबंदी कायद्याखाली गुन्हा ठरू शकतो. बांद्याजवळ इन्सुलीच्या तपासणी नाक्यावर गाड्या थांबवून डिकी पाहतात. ‘एकच बाटली आहे’ हा युक्तिवाद तेथे चालत नाही. दुसरे म्हणजे गोव्यात मद्यपानासाठी किमान वय २१ आहे. तिसरे, चालकाच्या रक्तात १०० मिलिलिटरला ३० मिलिग्रॅमपेक्षा अधिक अल्कोहोल आढळले तर मोटार वाहन कायद्याप्रमाणे कारवाई होते. त्यामुळे भाडोत्री गाडी चालकासह घ्यावी आणि चालकाला आग्रह करू नये. आपल्याकडे आग्रह ही फार वाईट सवय आहे.

निवांत_निळू

म्हणजे फेणी पोटातूनच न्यावी लागणार!

नियमावली

निळू, विनोद कळला, पण महाराष्ट्रात मद्य पिण्यासाठीही परवाना लागतो हे बहुतेकांना माहीत नसते. पोटातील मालाची चौकशी सहसा होत नाही एवढेच.

शिंपल्यातला_किडा

माझा अनुभव मोहभंगाचा आहे. आम्ही दिवाळीच्या सुट्टीत गेलो होतो. एका बागेत ‘पारंपरिक फेणी भाटी’ अशी पाटी होती. भान होते, नळी होती, गवताचे छप्पर होते, फक्त जाळ नव्हता आणि बोंडूही नव्हते, कारण हंगामच नव्हता. एका मुलाने पाठ केलेले चार वाक्यांचे भाषण म्हणून दाखवले आणि लगेच प्लॅस्टिकच्या इवल्या पेल्यात घोटभर फेणी पुढे केली. वासाने आमच्यापैकी निम्मे लोक मागे सरले. फेणीला एवढा उग्र दर्प असतो हे कोणी आधी सांगत का नाही?

सत्तरीचा_शेजारी

दर्प असतो, आणि तो लपवण्याची गरज नाही. मात्र नवी, गरम दिवसात, प्लॅस्टिकच्या पेल्यात घेतलेली फेणी कोणालाही मागे सारील. पूर्वी घरोघरी ती वेताच्या विणीत बसवलेल्या फुगीर काचेच्या मोठ्या बाटल्यांत काही वर्षे मुरवत ठेवत, त्यामुळे तिचा टोकदारपणा कमी होई. सर्दी-पडशाला, दातदुखीला, बाळंतिणीच्या अंगाला चोळायला तीच बाटली काढत. ज्यांना पहिल्यांदाच चव घ्यायची आहे त्यांनी हुर्राकापासून सुरुवात करावी : बर्फ, लिंबाची फोड, चिमूटभर मीठ, मधोमध चिरलेली हिरवी मिरची आणि वरून लिंबाचे शीतपेय. मिरची वगळू नये.

पाटीवरच्या भाटीबद्दल शिंपल्यातला_किडा यांचे बरोबर आहे. ऑक्टोबरात काजूची भाटी पेटलेली दिसली तर ती देखाव्यासाठीच समजावी.

माडावरून

सगळे काजूवरच लिहीत आहेत, म्हणून माडाची बाजू घेतो. काजू गोव्यात येण्याच्या कितीतरी आधीपासून नारळाच्या सुरेपासून (माडीपासून) दारू गाळली जात होती. दक्षिण गोव्यात, विशेषतः सासष्टीत, माडाची फेणी आजही मिळते. तिला हंगामाचे बंधन नाही, कारण रेंदेर पावसाळ्यासकट रोज माडावर चढतो आणि सूर उतरवतो. हीच सूर पूर्वी पावाच्या पिठात खमीर म्हणून घालत आणि सान्नांत (इडलीसारख्या वाफवलेल्या पदार्थात) आजही घालतात. २००९ साली भौगोलिक निर्देशांक (जीआय मानांकन) मिळाला तो मात्र फक्त काजूच्या फेणीला. माडावर चढणारे नव्या पिढीत फारसे उरलेले नाहीत, त्यामुळे ही फेणी काजूच्या आधी संपेल अशी भीती वाटते. दिवाळीत जाणाऱ्यांनी रेंदेराचे काम पाहावे. ते देखाव्याचे नसते.

खडा_सवाल

निर्देशांकाचा उपयोग काय झाला, हे कोणी सांगेल का? फेणीला २०१६ साली राज्याने वारसा पेयाचा दर्जा दिला असे वाचले होते. तरीही पुण्यात ती मिळत नाही.

माडावरून

बरीच वर्षे फेणी कायद्याच्या दृष्टीने देशी दारू होती आणि देशी दारू राज्याबाहेर विकणे जवळजवळ अशक्य असते. २०१६चा निर्णय ती अडचण दूर करण्यासाठी होता. आता काही उत्पादक आकर्षक बाटल्यांत भरून ती मोठ्या शहरांत आणि परदेशांत पाठवू लागले आहेत. पण बहुतांश फेणी अजूनही छोट्या भाट्यांवर निघते. अबकारी खाते दरवर्षी काजूच्या विभागांचा लिलाव करते, भाटीवाला एका हंगामापुरता पैसा गुंतवतो आणि त्याचा माल गावच्या तव्हेर्नात (दारूच्या गुत्त्यात) किंवा ओळखीच्या घरांत संपतो. लेबल छापण्याइतका त्याचा धंदा मोठा नसतो. म्हणून तुमच्या सहलीने त्याच्या भाटीवर जाऊन योग्य किंमत दिली तर तो पैसा थेट त्याच्या हातात पडतो, हे सदाचार यांनीही विचारात घ्यावे.

पावसाळी_पाहुणी

एप्रिलचे कौतुक पुरे झाले असेल तर जूनचेही ऐका. २४ जूनला सांजांव असतो, सेंट जॉनचा सण. डोक्यावर पानाफुलांची कोपेलां घालून तरुण मंडळी विहिरीत उड्या घेतात आणि घरमालक उडी घेणाऱ्यांना फेणी आणि फळे देतात. संस्कृती, निसर्ग आणि फेणी, तिन्ही एकाच विहिरीत! दिवाडी बेटावरील आणि शिवोलीतील सांजांव पाहण्यासारखा असतो. शिवोलीत सजवलेल्या होड्यांची मिरवणूक निघते.

फोंड्याचा_पाहुणा

दिवाडीचे नाव निघाले म्हणून मूळ प्रश्नाकडे परत येतो, कारण पाऊलवाट यांच्यासाठी मला एक निराळा मार्ग सुचला आहे. फोंडा तालुक्याचा पाहुणा असूनही मी फोंडा, म्हणजे तेथले मंगेशीही, वगळण्याची शिफारस करतो आहे, याची नोंद घ्यावी.

सकाळी जुने गोवे. तेथून व्हाइसरॉयच्या कमानीखालून धक्क्यावर यावे आणि गाडीसह फेरीबोटीने मांडवी ओलांडून दिवाडी बेटावर उतरावे. मुलांना फेरीबोट आवडते आणि पायी प्रवाशांना तिकीट नसते. बेटावर खाजणातील शेते, बांध, बगळे, जुनी घरे आणि टेकडीवरचे पिएदाद चर्च आहे. तेथून मांडवीचे पात्र आणि जुन्या गोव्याचे मनोरे दिसतात. बेटाच्या दुसऱ्या टोकाला पुन्हा फेरीबोट आहे, ती नार्व्याला नेते.

नार्वे येथे सप्तकोटेश्वराचे देवालय आहे. हा कदंब राजांचा कुलदेव. त्याचे मूळ स्थान याच दिवाडी बेटावर होते. पोर्तुगिजांनी ते उद्ध्वस्त केल्यावर लिंग नदीपलीकडे नार्व्याला नेले गेले आणि १६६८ साली शिवाजी महाराजांनी तेथील देवालयाच्या जीर्णोद्धाराचा आदेश दिला. अलीकडे राज्य शासनाने त्याचे नूतनीकरण करून २०२३च्या फेब्रुवारीत ते पुन्हा खुले केले. म्हणजे ज्या नदीवरून देव गेला त्याच नदीवरून तुम्हीही जाता, आणि गाईडला वेगळे नाट्य उभे करावे लागत नाही.

पुढे साखळीजवळ हरवळे येथे जांभ्या दगडात कोरलेली लेणी आणि शेजारी धबधबा आहे. एप्रिलमध्ये धार बारीक असेल, पण सावली आणि गारवा मिळतो. तेथून वाळपईकडे वळले की सत्तरीचा_शेजारी यांच्या भाट्या सुरू होतात. दुपार उलटल्यावर भाटीवर पोहोचाल, देवदर्शन केव्हाच आटोपलेले असेल आणि सदाचार यांचा क्रमही पाळला जाईल.

कमानीखालून

मार्ग सुरेख आहे. दोन सूचना करतो. रविवारी सकाळी चर्चमध्ये मिस्सा (सामूहिक प्रार्थना) असते आणि त्या वेळी पर्यटकांना मोकळेपणे फिरता येत नाही, तेव्हा वार बदलावा. आणि एप्रिलमध्ये पवित्र सप्ताह येत असेल तर तारखा तपासून घ्याव्यात, कारण गुड फ्रायडेला हा परिसर पाहण्यासारखा असतो, पण तो सहलीचा दिवस नव्हे. चर्च आणि देऊळ दोन्हीकडे खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे हवेत.

देवराईत

हरवळ्याहून वाळपईकडे जाताना वाट थोडी वाकडी करता आली तर ब्रह्मकरमळीला ब्रह्मदेवाची मूर्ती अवश्य पाहावी. ब्रह्मदेवाची देवळे देशात मोजकीच आहेत. ही मूर्ती कदंबकालीन असून तीही पोर्तुगिजांच्या काळात तिसवाडीतील करमळीहून येथे आणली गेली, आणि नव्या गावालाही जुन्या गावाचेच नाव पडले. आजूबाजूला कुळागरे आहेत : सुपारी, केळी, मिरवेल आणि पाटाचे पाणी. मसाल्याच्या बागेचे तिकीट काढण्याचे कारण उरणार नाही.

शिंपल्यातला_किडा

आणि पाठ केलेले भाषणही ऐकावे लागणार नाही.

पाऊलवाट

सर्वांचे मनःपूर्वक आभार. घरात हा धागा मोठ्याने वाचून दाखवला. सासूबाईंनी नार्व्याचे नाव ऐकताच मंगेशीचा आग्रह सोडला, कारण त्यांच्या माहेरची काही मंडळी सप्तकोटेश्वराला मानतात. सासऱ्यांनी ‘निरो कुठे मिळेल’ एवढेच विचारले. तयार सहल रद्द करून परवानाधारक गाईड आणि चालकासह गाडी असे स्वतंत्र ठरवत आहोत. मुलांविषयी सदाचार यांनी विचारले होते : ती बोंडू तुडवताना पाहतील आणि निरो पितील, पेल्यांची वेळ होईल तेव्हा मावशी त्यांना ओढ्यावर घेऊन जातील. मात्र ओळखीशिवाय भाटीवाले बाहेरच्यांना येऊ देतात का आणि त्यांना आधी कळवायचे कसे?

सत्तरीचा_शेजारी

येऊ देतात, पण भाटी हे कामाचे ठिकाण असते, त्यामुळे आगाऊ सांगून गेलेले बरे. साखळी किंवा वाळपईच्या बाजारात ज्या दुकानात काजूबिया खरेदी करतात तेथे चौकशी करावी. भाटीवाले बिया तेथेच विकतात, म्हणून कोणाचा जाळ चालू आहे हे दुकानदाराला माहीत असते. तुमच्या गाईडला आदल्या दिवशी हेच काम सांगा. जाताना उघडे बूट घालू नका, जमीन रसाने निसरडी झालेली असते आणि मधमाश्या असतात. निरोसाठी स्वतःची स्वच्छ बाटली न्या. हुर्राक घेणार असाल तर त्या संध्याकाळी मुक्कामीच संपवा.

निवांत_निळू

शेवटच्या सूचनेचे पालन करण्यासाठी मनुष्यबळ कमी पडल्यास कळवावे.